रोबो आल्यावर सिस्टरांचे वाचलेले हेलपाटे कुठे जातात?

तिसरी_पाळी

नमस्कार मंडळी. मी परिचारिका आहे. नऊ वर्षं मुंबईत नोकरी केली, गेली अकरा वर्षं कॅलिफोर्नियात आहे आणि इथे कायम रात्रपाळी करते. दीड वर्षापूर्वी आमच्या मजल्यावर सामान पोहोचवणारा रोबो आला. तेव्हापासून तिकडच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, "काय गं, इंजेक्शनं पण तोच देतो का आता?" म्हणून एकदा सविस्तर लिहिते. हॉस्पिटलचं आणि रोबोच्या कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही लिहायची आहे.

तो इंजेक्शन देत नाही. पेशंटला हातसुद्धा लावत नाही. तो चालतो. हे काम केवढं मोठं आहे ते वॉर्डात पाय झिजवलेल्यालाच कळेल. रात्री एक वाजता रक्त घेतलं की ती ट्यूब लॅबला जायला हवी. फार्मसीतून अँटिबायोटिकची पिशवी यायला हवी. शेजारच्या युनिटमधून सलाईन मोजून सोडणारा इन्फ्युजन पंप आणायचा असतो, आयसीयूतून आमच्याकडे हलवलेल्या आजींचा चष्मा आणि कवळी तिकडेच राहिलेली असते. यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी पूर्वी कुणीतरी मजला सोडून जायचं. आता मी टॅबलेटवर मागणी टाकते, रोबो येऊन उभा राहतो, मी बॅज दाखवून खण उघडते, ट्यूब ठेवते आणि तो निघतो.

अमेरिकेतल्या ३६ हॉस्पिटलांमधल्या ७६७ परिचारिकांच्या कामाचा बारकाईने हिशोब ठेवून केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला होता. औषधं देणं आणि तपासणी त्यात वेगळी मोजली होती. ती सोडून पेशंटच्या सेवेला पाळीतला १९ टक्के वेळ मिळत होता आणि नोंदी लिहिण्यात ३५ टक्के जात होता. दहा तासांच्या दिवसपाळीत साधारण चार ते साडेपाच किलोमीटर चालणं व्हायचं. आमच्या व्यवस्थापनाने रोबो आणताना हेच आकडे भिंतीवर दाखवले होते.

ही कल्पना तशी जुनी आहे. कारखान्यात पहिला औद्योगिक रोबो कामाला लावणारे जोसेफ एंगेलबर्गर नंतर हॉस्पिटलांकडे वळले. त्यांचा 'हेल्पमेट' १९८८ मध्ये कनेक्टिकटमधल्या डॅनबरी हॉस्पिटलात जेवणाचे ट्रे आणि औषधं पोहोचवू लागला. आज ज्याचं नाव जास्त ऐकू येतं तो 'मॉक्सी' टेक्ससमधल्या ऑस्टिनचा. अँड्रिया थोमाझ आणि व्हिवियन चू या दोघींच्या कंपनीने तो बनवला. २०१८-१९ मध्ये टेक्ससच्या काही हॉस्पिटलांत चाचण्या झाल्या. पेशंटजवळची कामं सिस्टरकडेच ठेवायची आणि रोबोने फक्त आणणं-नेणं करायचं, ही त्यांची भूमिका पहिल्यापासून राहिली. मला ती पटते. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलने २०२२ मध्ये सांगितलं होतं की पहिल्या सहा आठवड्यांत मॉक्सीने कर्मचाऱ्यांचं जवळजवळ ३०० मैल चालणं वाचवलं.

आता माझी एक रात्र सांगते. पोटाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते, आयुष्यभर ट्रक चालवलेले. दोननंतर त्यांना भ्रम व्हायला लागला. उठून बसायचे, नाकातली नळी ओढायचे, "गाडी रस्त्यात लावली आहे, मला जाऊ दे" म्हणायचे. त्याच वेळी शेजारच्या खोलीतलं सॅम्पल तातडीने लॅबला जायला हवं होतं. पूर्वीची गोष्ट असती तर मी पलंगाचा अलार्म लावून धावत गेले असते आणि परत येईपर्यंत जीव टांगणीला लागला असता. त्या रात्री ट्यूब रोबोकडे दिली आणि आजोबांजवळ वीस मिनिटं बसले. गाडी कुठे लावली आहे, ट्रकमध्ये माल काय आहे, सगळं विचारलं. माल संत्र्यांचा होता. सांगता सांगता ते झोपले. त्यांचे हात बांधावे लागले नाहीत, झोपेचं औषधही द्यावं लागलं नाही.

त्या वीस मिनिटांसाठी मी रोबोची आभारी आहे.

पण पुढे तीन महिन्यांनी आमच्या मजल्यावरच्या रात्रीच्या दोन मदतनीसांपैकी एकीची जागा बंद झाली. कारण सांगितलं, "आता आणणं-नेणं रोबो करतो." इथे एक कायदा आहे. तो १९९९ मध्ये संमत झाला आणि २००४ पासून लागू आहे. त्यामुळे आमच्या प्रकारच्या वॉर्डात एका परिचारिकेकडे पाचपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत. म्हणून माझी जागा सुरक्षित राहिली. मदतनीसांना असं संरक्षण नाही. ती बाई फक्त आणत-नेत नव्हती. दर दोन तासांनी पेशंटला कुशीवर वळवायला दोघी लागतात, ती दुसरी म्हणजे ती होती. आता मी शेजारच्या खोलीतल्या सिस्टरला हाक मारते, आणि तेवढा वेळ तिचे पेशंट एकटे असतात.

तुमच्याकडे असे रोबो आले आहेत का? आले असतील तर वाचलेली मिनिटं कुणाच्या वाट्याला जातात?

---

निवृत्त_मेट्रन

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात ३४ वर्षं काढली. २०२१ ला निवृत्त झाले.

आपल्याकडे हे चालणं सिस्टरच्या वाट्याला कमी येतं. ते मामा आणि मावशी करतात, आणि मामा दुसऱ्या वॉर्डात गेले असतील तर नातेवाईक. पेशंट दाखल झाला की आमचा पहिला प्रश्न, "सोबत कोण आहे?" ट्रॉली ढकलायला, रक्तपेढीतून पिशवी आणायला, बाहेरच्या मेडिकलमधून सलाईनचा सेट आणायला, सॅम्पल लॅबच्या खिडकीवर द्यायला सोबतचा माणूस. गावाकडून आलेला म्हातारा बाप ती ट्यूब मुठीत धरून इमारत शोधत हिंडायचा. तोपर्यंत उन्हात आणि हिसक्यांनी रक्त खराब व्हायचं, लॅब परत पाठवायची आणि पोराला पुन्हा सुई बसायची. हे मी शेकडो वेळा बघितलं आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे. ज्याच्यासोबत कुणीच नाही त्याचं सॅम्पल तर दुपारपर्यंत ट्रेमध्ये पडून राहायचं.

२०२० मध्ये कोविडमुळे नातेवाईकांना वॉर्डात बंदी झाली तेव्हा आम्हाला कळलं, आपण त्यांच्यावर किती काम टाकलं होतं. किट घालून सहा-सहा तास पाणी न पिता आमच्या मुली तीस तीस पेशंटना जेवण भरवत होत्या. त्या वेळी वरळीच्या पोदार रुग्णालयात 'गोलर' नावाचा रोबो जेवण, पाणी आणि औषधं पोहोचवायचा. कल्याणच्या एका रुग्णालयातही डोंबिवलीच्या एका तरुण इंजिनियरने बनवलेला रोबो आला होता. आमच्याकडे यातलं काही पोहोचलं नाही. एक तरी मिळावा असं तेव्हा फार वाटायचं. पाण्याची बाटली द्यायला माणसाने जीव धोक्यात घालू नये, एवढीच इच्छा होती.

पण आज कुणी मला विचारलं, रोबो हवा की दोन सिस्टर, तर मी सिस्टर मागेन. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका असा आहे. माझ्या वॉर्डात रात्री ४५ पेशंटना दोघी असायच्या. तुझ्या त्या आजोबांसारखे आमच्याकडे एका रात्री चार असायचे, आणि आम्ही त्यांचे हात बांधायचो. दुसरा उपाय नव्हता. ते हात अजून डोळ्यांसमोर येतात.

---

पेठेतला_अभियंता

मी चाकणला गोदामांत चालणाऱ्या स्वयंचलित गाड्यांवर काम करतो. हॉस्पिटलमधला रोबो त्यांचाच भाऊबंद. लेसरने भोवतालचं अंतर मोजतो, आधी तयार केलेल्या नकाशाशी ताडून आपण कुठे आहोत ते ओळखतो, माणूस आडवा आला की थांबतो.

इथे सगळ्यांना वाटतं अवघड भाग चालण्याचा आहे. खरा अवघड भाग म्हणजे लिफ्ट आणि दारं. सॅन फ्रान्सिस्कोचं मिशन बे हॉस्पिटल २०१५ मध्ये उघडलं तेव्हा तिथे 'टग' नावाचे २५ रोबो पहिल्यापासून होते. जेवण, चादरी, औषधं सगळं तेच नेतात आणि औषधांचा खण अंगठ्याचा ठसा घेतल्याशिवाय उघडत नाही. पण टगला हात नाही. तो लिफ्टशी बिनतारी बोलतो, म्हणजे इमारतीतल्या लिफ्टच्या यंत्रणेत बदल करावे लागतात. नव्या इमारतीत ते सोपं असतं. मॉक्सीला जो एक हात दिला आहे त्याचा मोठा फायदा इथेच आहे. माणसासाठी बनवलेलं बटण तो माणसासारखं दाबतो, मग जुन्या इमारतीची फारशी मोडतोड करावी लागत नाही.

आता आपलं जिल्हा रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. व्हरांड्यात चटया टाकून झोपलेले नातेवाईक, जमिनीवर गाद्या घातलेले पेशंट, दोन इमारतींमध्ये फुटलेल्या फरशीचा उतार, आणि लिफ्ट लिफ्टमनच्या हातात. रोबो दर चार पावलांवर थांबेल. दोष त्याचा नाही. समोर माणूस दिसला की थांबायचं हेच त्याला शिकवलेलं असतं आणि तेच बरोबर आहे. २०२० मध्ये आपल्याकडचे रोबो चालले त्याचं एक मोठं कारण हेच की कोविड वॉर्डांचे व्हरांडे रिकामे होते. एर्नाकुलमच्या मेडिकल कॉलेजात 'कर्मी-बॉट' होता, २५ किलो वाहायचा. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातही होते. बंदी उठली, व्हरांडे भरले, आणि त्या रोबोंच्या बातम्याही थांबल्या.

आणखी एक गोष्ट, जी विकणारा आपणहून सांगत नाही. हे रोबो नेटवर्कवर असतात. २०२२ मध्ये सायनेरिओ या सुरक्षा कंपनीला टगच्या प्रणालीत पाच त्रुटी सापडल्या. बाहेरचा माणूस रोबोचा ताबा घेऊ शकला असता, त्याच्या कॅमेऱ्यातून पाहू शकला असता. उत्पादकाने त्या नंतर दुरुस्त केल्या. पण औषधांचा खण घेऊन फिरणारं यंत्र विकत घेताना हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारायला हवा.

माझं मत विचाराल तर सॅम्पलसाठी हवेच्या दाबाची नळी बसवा. डबी आत टाकली की थेट लॅबमध्ये. भारतातल्या बऱ्याच मोठ्या खासगी रुग्णालयांत ती आहेच. फरशी कशीही असली तरी तिला फरक पडत नाही.

---

तिसरी_पाळी

अभियंता, नळी आमच्याकडेही आहे. पण तिच्यातून पंप जात नाही आणि आजींची कवळीही जात नाही. काही औषधांना हिसके बसलेले चालत नाहीत, ती नळीत टाकायला मनाई आहे. लिफ्टचं अगदी बरोबर. आमचा रोबो भेटीच्या वेळेत लिफ्टसमोर बराच वेळ ताटकळतो, कारण लोक भराभर आत शिरतात आणि त्याला जागा उरत नाही. रात्री मात्र सुसाट असतो.

मेट्रन मॅडम, हात बांधण्याबद्दल तुम्ही लिहिलंत. मीही मुंबईत बांधले आहेत. आणखी काय लिहू?

---

नागोयाची_सून

मी जपानमध्ये नागोयात राहते, रुग्णांच्या शुश्रूषाकेंद्रात काम करते. उलटी बाजू सांगते. इथे रोबोने पेशंटला हात लावावा, नव्हे, उचलावं, हेच स्वप्न होतं.

इथल्या रिकेन या संशोधन संस्थेने नागोयातच २००९ मध्ये 'रिबा' आणि २०११ मध्ये 'रिबा-२' बनवला. मग २०१५ मध्ये 'रोबेअर' आला. पांढऱ्या अस्वलासारखा चेहरा, १४० किलो वजन, दोन्ही हातांवर माणसाला उचलून पलंगावरून चाकाच्या खुर्चीत ठेवणारा. त्यांनीच तेव्हा सांगितलं होतं की शुश्रूषा करणाऱ्याला दिवसाला सरासरी ४० वेळा माणूस उचलावा लागतो. माझ्या कमरेला विचारलं तर तीही तेच सांगेल. जगभर त्याचे फोटो छापून आले. पण रोबेअर नेहमीच्या वापरात आलाच नाही, संशोधनापुरताच राहिला.

आम्ही आज काय वापरतो? घसरती चादर, फळी, आणि झोळीत बसवून उचलणारं साधं यंत्र. २०१३ मध्ये इथल्या सरकारने कंबरदुखीसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वं बदलली आणि शक्यतो माणसाने माणसाला हातांनी उचलू नये असं सांगितलं. तेव्हापासून आमच्या केंद्रात या साध्या वस्तूंचा वापर खूप वाढला. झोळीत बसवताना आजी घाबरतात. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर असतो आणि मी तोंडाने "आता वर, आता थोडं डावीकडे" म्हणत राहते. उचलण्याचा भार यंत्र घेतं, भीती मला घ्यावी लागते. मला हा वाटा मान्य आहे.

नोकऱ्यांचं म्हणाल तर जपानमधल्या वृद्धाश्रमांवर २०२१ मध्ये एक अभ्यास आला. रोबो घेणाऱ्या ठिकाणी माणसं कमी झाली नव्हती, उलट वाढली होती. पण वाढ झाली ती कायम नोकरीत नाही, तर कंत्राटी आणि अर्धवेळ जागांमध्ये. माणूस राहतो, पण त्याची नोकरी पातळ होते. तिसरी_पाळीच्या मदतनीसबाईंचं वाचून मला हेच आठवलं.

---

माईची_लेक

मी या क्षेत्रातली नाही. दोन वर्षांपूर्वी माईला अर्धांगाचा झटका आला, बोलणं गेलं. ती अकरा दिवस आयसीयूत होती. आम्हाला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडायचे. पाचव्या दिवशी तिथल्या सिस्टर मला म्हणाल्या, "तुमच्या आई उजवा पाय घासायला लागल्या की त्यांना कूस बदलायची असते, आणि डोळे मिटून घेतले की तहान लागलेली असते." मला तिची मुलगी असून हे कळलं नव्हतं. हे कळायला त्या बाईंना माईजवळ किती वेळ उभं राहावं लागलं असेल? तो वेळ कुणी काढून दिला तर मी त्या यंत्राला हात जोडेन.

---

मावशीचा_मुलगा

सगळं वाचलं. आता माझं ऐका.

माझी आई नागपूरला एका मोठ्या रुग्णालयात बावीस वर्षं मावशी होती. शेवटपर्यंत कंत्राटावर. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, सामानाच्या मागणीचं, म्हणजे इंडेंटचं, पुस्तक घेऊन स्टोअरला जाणं, सॅम्पल नेणं, मयत झाला की बॉडी शवागारापर्यंत पोहोचवणं. या धाग्यावर ज्याला 'आणणं-नेणं' म्हणताहेत ते माझ्या आईचं काम होतं. त्यावर मी शिकलो. सिस्टरांचे हेलपाटे वाचले हे वाचून सगळ्यांना बरं वाटतंय, पण आपल्याकडे रोबो आला तर तो सिस्टरच्या जागी येणार नाही. तो माझ्या आईच्या जागी येईल, आणि तिला नोटीससुद्धा मिळणार नाही, कारण कंत्राटदार महिन्याच्या शेवटी नुसतं "उद्यापासून येऊ नका" म्हणतो.

आणखी एक. आईच्या कामाची यादी कागदावर होती त्यापेक्षा खूप मोठी होती. बाळंतिणीला पहिल्यांदा उठवून न्हाणीघरापर्यंत नेताना पडू नये म्हणून कमरेत हात घालायची. नागपूरकर पेशंट तिच्याशी आपल्या बोलीत बोलायचे, जे डॉक्टरांना सांगायचे नाहीत ते तिला सांगायचे. एका बाईने "रात्रीपासून पोटातलं लेकरू हललं नाही" हे पहिल्यांदा तिला सांगितलं. आईने धावत जाऊन सिस्टरला बोलावलं. ती मुलगी आज शाळेत जाते. त्या वेळी आई चादरी बदलायला गेली होती. चादरी रोबोने आणल्या असत्या तर तिथे कोण असतं?

---

तिसरी_पाळी

मावशीचा_मुलगा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली आणि आज ड्युटीवरच्या दोघींना भाषांतर करून ऐकवली. तुमचं म्हणणं खरं आहे. मी लिहिताना सिस्टरच्या जागेवरून लिहिलं, कारण इथे आणणं-नेणं सिस्टरच्या पायांवर होतं. महाराष्ट्रात ते तुमच्या आईच्या पायांवर आहे, हे मला मुंबईत नऊ वर्षं काढूनही लिहिताना सुचलं नाही. आमच्या बंद झालेल्या जागेवरची बाईसुद्धा अशीच होती. ती ग्वाटेमालाची, स्पॅनिश बोलणारे पेशंट आधी तिच्याशी बोलायचे.

तरी एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. शवागारापर्यंतचं ओझं, रात्री तीन वाजता तीन मजले उतरून आणलेले सलाईनचे खोके, याने तुमच्या आईचे गुडघेही गेले असतील. ते ओझं यंत्राने उचलावं आणि मावशी बाळंतिणीजवळ असावी, असं का होऊ नये? रोबो घेताना ठरावातच लिहून घ्यायचं की एकही जागा कमी होणार नाही, आणि वाचलेले तास पेशंटजवळच्या कामाला लावले जातील. हे तोंडी आश्वासन आम्हालाही मिळालं होतं. लेखी घेतलं नाही ही आमची चूक झाली.

---

मावशीचा_मुलगा

गुडघे गेलेच. दोन्ही. लेखी असेल तर मला मान्य आहे. कंत्राटी मावश्यांची नावंही त्या कागदात हवीत, नुसतं 'कर्मचारी' लिहून चालणार नाही.

---

जीएनएम_तिसरं_वर्ष

मी अजून शिकते आहे, म्हणून बोलू की नको असं वाटत होतं. ते नोंदींचे ३५ टक्के वाचून थांबले. आमच्या वॉर्डात सिस्टरांचा वेळ चालण्यापेक्षा लिहिण्यात जातो. पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं आणि किती बाहेर आलं त्याचं इनटेक-आउटपुट, औषधांचं रजिस्टर, स्टॉकचं रजिस्टर, हँडओव्हरचं पुस्तक, तीच माहिती परत संगणकात. तैवानमध्ये तैचुंगच्या एका हॉस्पिटलात २०२५ मध्ये 'नुराबॉट' नावाच्या रोबोची चाचणी सुरू झाली, सिस्टरांचं काम ३० टक्क्यांपर्यंत कमी होईल असा कंपनीचा दावा वाचला. तोही वाहतूकच करतो. आमची दोन रजिस्टरं कमी केली तर त्याला एक रुपयाही लागणार नाही. मेट्रन मॅडम, हे कुणाकडे मागायचं असतं?

---

निवृत्त_मेट्रन

बाळ, इन्चार्ज सिस्टरकडून अधिसेविकांकडे लेखी द्यायचं. कुठली माहिती किती ठिकाणी लिहावी लागते त्याचा एका आठवड्याचा तक्ता करून सोबत जोड. मी माझ्या वॉर्डातलं एक रजिस्टर असंच बंद करून घेतलं होतं. पावणेदोन वर्षं लागली, पण झालं. तक्ता केलास की मला मेसेज कर, मी बघून देते.

---

तिसरी_पाळी

मेट्रन मॅडम, तो तक्ता इथे टाकता आला तर टाका, मलाही हवा आहे. येत्या गुरुवारी आमच्या युनियनची व्यवस्थापनाबरोबर बैठक आहे. बंद झालेली मदतनीसाची जागा परत द्या ही मागणी पहिली ठेवली आहे. गेल्या तीन महिन्यांत पेशंटला वळवायला दुसरी व्यक्ती मिळायला किती वेळ लागला, त्याची नोंद आम्ही सगळ्या जणी प्रत्येक पाळीला ठेवत आलो आहोत. बैठकीत काय झालं ते शुक्रवारी सकाळी घरी पोहोचले की इथेच लिहीन.